नऊपैकी आठ

नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळते
तेव्हा वारा कुणालाच सोडत नाही.
तोंडाला फडकं बांधून आम्ही बाया देठ खुडतो,
अंगठा आणि तर्जनी, अंगठा आणि तर्जनी,
किलोमागे मजुरी.
माझा अंगठा दिवसातून दोनतीनदा सांध्यातून निसटतो.
मांडीवर दाबून मी तो परत बसवते,
डबीचं झाकण बसवावं तसा,
आणि खुडत राहते.
यात सांगण्यासारखं काही आहे
असं चौतीस वर्षांत वाटलं नव्हतं.

शाळा सुटली की कृपाली इथेच येते.
रिकाम्या पोत्यांवर तिची सर्कस:
अंगठा वाकवून मनगटाला,
करंगळी उलटी, ताठ उभी,
गुडघे न वाकवता तळवे भुईला,
कोपर असं मागे जातं
की बघणाऱ्याच्याच हातातून कळ जाते.
लोटन हमाल एका खेळाचा रुपया देतो.
हिलूबाई म्हणते, "पोर रबरनी शे व माय."
मी हसायचे.
अभिमानानं, खोटं कशाला बोलू.

एक दिवस तिला ठसका लागला.
इथे कुणाला लागत नाही?
पण ती वाकली आणि जांघेत
लिंबाएवढं काही वर आलं.
निजवली, तर आत गेलं.
पुन्हा खोकली, पुन्हा आलं,
बिळातून उंदरानं तोंड काढून बघावं तसं.
"दुखस का?"
"नही."
बोटानं आत ढकलून दाखवलं तिनं,
म्हणाली, याचे दोन रुपये.

कुणी म्हणालं, पोरींना हे होतच नाही.
कुणी म्हणालं, पैसा बांध.
माझ्या बेंबीवर आईनं बांधला होता,
तांब्याचा, राजाच्या तोंडाचा, वर्षभर.
बेंबी अजून खोकल्यासरशी
दार किलकिलं करते.

सिव्हिलमध्ये वळवी डॉक्टरीणबाईंनी
एक जांघ बघितली, मग दुसरी.
दुसरीतही होतं.
मग म्हणाल्या, "अंगठा वाकवून दाखव गं."
दुखणं कुठे, तपासणी कुठली!
कृपालीला काय, प्रेक्षक मिळाला.
सगळा खेळ झाला, बाई मोजत गेल्या.
"नऊपैकी आठ."
"शाळेत एवढे पडत नाहीत," ती म्हणाली.
मग बाई माझ्याकडे वळल्या:
"आता तुम्ही."

परक्या खोलीत, पदर खोचून, मी वाकले.
तळवे टेकले.
मला सहा.

सांधे धरणारं सूत आणि पोट धरणारं सूत
एकाच चातीवरचं, त्या म्हणाल्या.
काही घरांत ते मऊ निघतं.
वाकणाऱ्या प्रत्येक पोराला हर्निया होतो असं नाही,
हर्निया झालेलं प्रत्येक पोर वाकतं असंही नाही,
पण दोन्ही एकत्र दिसलं
की आम्ही जरा जपून टाका घालतो.
"वाट बंद करू. सूत काही बदलता येत नाही."

परतीच्या बसमध्ये मी घर मोजत आले.
आईचा गुडघा, बसल्याजागी सरकणारा.
भटूभाऊ, लहानपणी दोनदा टाके.
आणि लग्नातला कासार,
सगळ्यात लहान बांगडी माझ्या हातात सरकवून
चार बायांना दाखवत होता,
"बघा, लोण्याचा हात."

आता दोन बाजूंना दोन रेघा.
खेळ महिनाभर बंद.
लोटननं तसाच रुपया पुढे केला.
तिनं घेतला नाही.
"फुकटना नको."

काल वारा फिरला, अख्खी पथारी शिंकली.
तिचे दोन्ही हात जांघांवर गेले,
माझा एक बेंबीवर,
आणि नेमका तेव्हाच दुसऱ्याचा अंगठा निसटला.
"दे," ती म्हणाली,
आणि मांडीबिंडी काही न घेता
तिनं तो बसवला.
टक् वाजलं.
हिलूबाईनं मान वर करून बघितलं,
मग पुन्हा खुडायला लागली.